पाचव्या ओवीला

रणगाडा वीतभर असला म्हणून काय झालं, त्याचा घुमट फिरला पाहिजे. चाकं गरगरली पाहिजेत, नळी वरखाली झाली पाहिजे, वरचं झाकण नखानं उघडलं पाहिजे. भिंगारच्या आक्काबाईच्या घरचा हा कायदा, आणि तो घालून दिला तिच्या मालकानं, पुंजारामानं. तीस वर्षं तो फौजेच्या वर्कशॉपात खऱ्या रणगाड्यांना रंग देत होता. रिटायर झाल्यावर पडवीत बसून सागवानाचे, पितळी नळीचे छोटे रणगाडे करायला लागला. कॅम्पातला कुणी साहेब बदलून निघाला, कुठल्या रेजिमेंटचा वाढदिवस आला, की पुंजारामाचा रणगाडा काचेच्या पेटीत बसून कुणाच्या तरी दिवाणखान्यात जायचा. पार दिल्लीला, पतियाळ्याला. आणि जिथं जाई तिथं पहिलं बोट घुमटालाच लागे. फौजी माणसाला घुमट दिसला की तो फिरवल्याशिवाय राहवत नाही.

घात सगळा रंगात असतो. कापणं, घासणं, जोडणं सरळ. पण हिरव्या रंगाचा शेवटचा हात बसला की रंग फटीत उतरतो आणि वाळता वाळता घुमटाला खालच्या अंगाशी शिवून टाकतो. म्हणून घुमट ज्या खुंटीवर फिरतो तिला मेण चोळायचं, चाकांच्या आसाला मेण चोळायचं, आणि रंग वाळत असताना घुमट थोडा थोडा फिरवत राहायचं. लवकर फिरवला तर ओल्या रंगाच्या तारा सुटतात. उशिरा फिरवला तर तो बसलेला असतो, जोर केला की खपली निघते. मधली एकच वेळ असते, आणि दोन्ही हात रंगात असताना घड्याळ कोण बघणार? पुंजाराम एकदा असाच अडून बसला होता आणि शेजारी आक्काबाई दाणे निवडत ओव्या म्हणत होती. त्याच्या ध्यानात आलं, हिच्या पाचव्या ओवीला हात लावला की घुमट लोण्यासारखा फिरतो. तेव्हापासून त्या घरात रंग ओवीवर वाळू लागला. थंडीत पाच ओव्या, उन्हाळ्यात तीन. सकाळी आक्काबाई फुटक्या कौलावर रंगाचा ठिपका लावायची, बोटानं चाचपायची आणि सांगायची, आज कितवीला.

पुंजाराम जाऊन चार वर्षं झाली होती. आक्काबाईचे हात आता कापायचे, ते मेण चोळण्यापुरतेच उरले होते. ब्रश सुनेच्या हातात गेला होता, आणि ओवीही.

सून ज्योती. माहेर अकोले तालुक्यातलं राजूर. हात असा की पट्ट्यावरची काळी रेघ एका श्वासात ओढायची, आणि गळा असा की भिंतीपलीकडची शेजारीण चुलीवरचं दूध विसरायची. पडवीतल्या खुंटीला तीन दिवसांपासून तिची पिशवी लटकत होती. पिशवीत आईसाठी घेतलेली लोकरीची शाल होती. आईला थंडीत दमा उठायचा. ऑर्डर उरकली की परवा राजूरला जायचं ठरलं होतं. दिवाळीला ऑर्डरीपायी जाणं झालंच नव्हतं.

पौषातली सकाळ होती. एका रेजिमेंटचे चोवीस रणगाडे साडेतीनला न्यायला येणार होते. सहा-सहाचे चार ट्रे मांडलेले. कौलावरचा ठिपका चाचपून आक्काबाईनं सांगितलं होतं, आज पाचवीला.

कामाच्या वेळी मोबाईल जवळ ठेवायचा नाही, हा दुसरा कायदा. तो आक्काबाईचा. मोबाईल वाजला की ओवी तुटते, ओवी तुटली की मोजणी चुकते, आणि सहाच्या सहा घुमट बसतात. मागं एकदा तसं झालं होतं. भर कार्यक्रमात कुणी ब्रिगेडियर घुमट फिरवायला गेला आणि पितळी नळीच त्याच्या हातात आली. त्या रेजिमेंटनं पुन्हा या दाराकडे बघितलं नाही. तेव्हापासून ज्योतीचा मोबाईल स्वयंपाकघरातल्या पितळी डब्यात, आणि डबा आक्काबाईच्या ताब्यात.

सव्वादहाला डबा आतून घुमला.

"ज्योते," पलीकडून सहादेव, ज्योतीचा भाऊ. "कुठं हायेस?"

"मी आक्काबाई बोलते. ती कामात हाय. काय रं?"



"मावशी, आई गेली. नऊ वाजता. च्या पेली, कप खाली ठिवला आन गेली. ज्योतीला घिऊन या. चारपस्तोर ठिवतो आमी, मंग अंधाराच्या आत उरकाया पायजे. पोरीनं तोंड बघितल्याबिगर न्हाई हलवत."

"निगतोच," आक्काबाई म्हणाली.

आणि ते तिनं खोटं म्हटलं नव्हतं. पदर सारखा करत ती पडवीत आलीसुद्धा, सांगायलाच. ज्योती पाठमोरी बसली होती. पहिल्या ट्रेला शेवटचा हात बसलेला, सहा ओले घुमट उन्हात चमकत होते. सासू जागेवर नव्हती म्हणून चौथी ओवीही तीच म्हणत होती. आक्काबाईनं मनात म्हटलं, पाचवी होऊ दे. पाचवी झाली की सांगू.

राजूरच्या वाटंवर गं
उभी करवंदाची जाळी
माय माझी वेचिते गं
पदराची करून झोळी

पाचवी झाली. ज्योतीनं सहा घुमट बोटानं हलकेच फिरवले, पाव-पाव वेढा. फिरले. तिनं लगेच दुसऱ्या ट्रेवर ब्रश टेकवला आणि मान न वळवता विचारलं, "कुनाचा फोन हुता, आत्या?"

"रुपालीचा," आक्काबाई बोलून गेली. "बरी हाय म्हनली."

रुपाली आक्काबाईची लेक. बेलापूरला दिलेली. दोनदा दिवस जाऊन वाया गेलेले, आता तिसऱ्यांदा राहिले होते, सहावा महिना. डॉक्टरनं खाटेवरून हलू नको सांगितलं होतं. आक्काबाईच्या तोंडाला ते नाव कायमच टेकलेलं असायचं, म्हणून तेच आलं.

"बरं झालं बाई," ज्योती म्हणाली. "दुपारी म्या पन आईला लावते. काल लई खोकत हुती."

आक्काबाई मेणाचा गोळा घेऊन खाली बसली.

रविराज, ज्योतीचा नवरा, काचेच्या पेट्या आणायला नगरात गेला होता. तो अकराला आला. आक्काबाईनं त्याला दारातच धरला आणि आंब्याखाली नेऊन सांगितलं. तो पेट्यांचा खोका पोटाशी धरून तसाच उभा राहिला.

"तिला सांगितलं न्हाई?"

"सांगितल्यावर ओवी म्हनल का ती? उटंल, रडंल, निगंल. तीन ट्रे ऱ्हायलेत. तू देनार रंग? का मी देऊ, ह्या हातानं?"

"आई, तिची आई मेलीय."

"माजी बी मेली हुती. मी तिसऱ्या दिशी गेल्ते, राख बघाया. मेले न्हाई मी त्यानं." तिनं खोक्यावरची धूळ पदरानं पुसली. "तुज्या बापानं हात झिजवून नाव केलंय. ही ऑर्डर गेली तर फौजेची समदी कामं त्या साच्यात वतलेले टँक इकनाऱ्याकडं जातील. मंग बस बायकूचं तोंड बघत."

"बाराला मी सांगनार तिला. चारच्या आत पोचतो मंग."

"सांग की," आक्काबाई म्हणाली. "माजी कुटं ना हाय."

बाराला रविराज अंगणात पेट्यांच्या तळाला लाकडी पाट ठोकत होता. साडेबाराला हातोडी जरा जोरात चालू लागली, एवढंच. आपलं पोर आक्काबाईला ठाऊक होतं.

डबा पुन्हा घुमला. या वेळी तिनं पडवीच्या दाराशीच उचलला, कारण तिसऱ्या ट्रेची मोजणी तिलाही ठेवायची होती.

"मावशी, कुठवर आलात?"

"राहुरी गेली मागं."

"ज्योती?"

"बसलीय गप."

आत ज्योतीचा आवाज चढला होता. उन्हं अंगावर आली की तिचा गळा आपोआप मोकळा व्हायचा.

सांजच्या पारी बाई
दिवा लावी माझी माय
लेकीच्या वाटंवरी
उंबऱ्यात तिचा पाय

"गानं कोन म्हनतंय?" सहादेवनं विचारलं.

"गाडीत लावलंय डायव्हरनं."

"बंद कर म्हनावं त्याला," सहादेव म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तिला ऐकवंना झालं आसंल."

आक्काबाईनं मोबाईल बंद केला आणि आत येऊन बसली. रंग खूप छान बसत होता, असा रंग पुंजारामाच्या हातालाही क्वचित बसे. ज्योतीनं ओवी संपवली आणि जुन्या सवयीनं थांबली, सासूनं एक उचलावी म्हणून. चौथी नेहमी आक्काबाईची असायची. आक्काबाईनं तोंड उघडलं आणि जे आत होतं ते बाहेर पडलं.

माय नसल्या म्हायेरी
कोन म्हनंल ये, बस
भरल्या घरामंदी
एक कोपरा गं ओस

ज्योतीचा ब्रश हवेत राहिला. "ही कशाला म्हनली, आत्या?"

"आली तोंडाला. माज्या आईची याद आली."

"आज नका म्हनू आसली," ज्योती म्हणाली, पण हसूनच. "माजी म्हातारी खोकतीय तिकडं." आणि पाचवी तिनं भावाची म्हटली, उसाच्या मोळीची, आणि सहा घुमट फिरवले.

तीन वाजता सहादेवचा तिसरा फोन आला, तेव्हा चौथा ट्रे शेवटच्या वेढ्यावर होता. आक्काबाई परसात गेली.

"मावशी, मानसं खोळंबली. दिवस कलला."

"गाडी बंद पडली रं, संगमनेरच्या अलीकडं. दुसरी बघतोय." मग तिनं आवाज मऊ केला. तो तिला करता यायचा. "तुमी उरका. मेल्या जीवाला ताटकळत ठिवू नये."

पलीकडं कुणीतरी बाई हंबरडा फोडत होती. सहादेवनं तिला आत न्यायला सांगितलं. मग म्हणाला, "बरं."

साडेतीनला टेम्पो आला. त्याच्याबरोबर बिभीषण दफेदार, हसऱ्या तोंडाचा, मोठ्या ढेरीचा. मोजून घ्यायला तोच यायचा. एकेक रणगाडा तळहातावर घ्यायचा, करंगळीनं घुमट पुरा वेढा फिरवायचा, नळी वर करायची, झाकण उघडायचं, चाकं फुंकरीनं फिरवायची. चोवीसच्या चोवीस फिरले. कुठं खरखर नाही, कुठं खपली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "आमच्या खऱ्या गाडीचा घुमट येवढा मऊ फिरला आसता तर मी रिटायरमेंटच मागितली नसती. काय घालता त्यात?"

"ओव्या घालते," ज्योती म्हणाली.

"मग एक आमच्यासाठी म्हणा की. रस्त्यात पुरंल."

ज्योतीनं आक्काबाईकडं बघितलं. पाहुण्यापुढं म्हणायला ती लाजायची. आक्काबाईची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. चारला दहा मिनिटं होती. राजूरच्या ओढ्याकाठी एव्हाना खांदेकरी पोचले असतील.

"म्हन की," आक्काबाई म्हणाली. "येवढं म्हनतेत तर."

ज्योतीनं पदर तोंडाशी धरून दिव्याचीच ओवी पुन्हा म्हटली. बिभीषणानं मान डोलावली, सही केली आणि गेला.

टेम्पोची धूळ बसल्यावर ज्योती रॉकेलच्या फडक्यानं हात पुसायला बसली. तेव्हा आक्काबाई जवळ आली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरी, आत्ताच फोन आला. मन घट्ट कर."

ज्योती रडली नाही. तिनं पिशवी खुंटीवरून काढली. नखांतला हिरवा रंग तसाच होता. गाडीत ती एकदाच बोलली, रविराजशी. "वाईच जोरात चालवा. अंधार पडल्यावर ठिवनार न्हाईत." रविराजनं गाडी जोरात चालवली. आक्काबाई मागं बसून खिडकीबाहेर उसाचे फड बघत राहिली.

पोचले तेव्हा दिवे लागले होते. माती उरकून माणसं हातपाय धुऊन अंगणात बसली होती. घरात, आई जिथं गेली तिथं, पिठावर दिवा ठेवलेला होता. ज्योती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि शाल पिशवीतून काढून मांडीवर घेतली. सहादेव दारात आला. मुंडण केलेल्या डोक्यानं तो ओळखू येत नव्हता.

"ज्योते," तो म्हणाला, "गाडीत गानं लावलं नव्हतं."

तिनं शालीवरून मान वर केली.

"मी मोबाईल स्पीकरवर टाकला हुता. आईच्या उशाला ठिवला हुता, म्हनलं, लेकीचा आवाज तरी जाऊ दे कानावर. समद्या आळीनं ऐकलं. तुजा आवाज मला कळत न्हाई व्हय? लोकांपुढं डायव्हरवर घातलं मी. आई म्हनायची ती, दिव्याची."

"किती वाजता?"

"साडेबारा आसंल."

ज्योतीनं शालीची घडी मोडली, पुन्हा घातली. तिचे ओठ हलत होते. आक्काबाईला वाटलं ती देवाचं नाव घेते आहे. ती मोजत होती.

"म्हंजी तिसरा ट्रे," ज्योती म्हणाली. "तिसऱ्या ट्रेला दिव्याची तिसरी हुती. चौथी आत्यांनी म्हनली." आणि मग तिनं मान वळवून सासूकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर आक्काबाईनं तो पचवला असता. ती नजर रंग वाळला का हे बघणारी होती.

ज्योती सव्वा महिना राजूरला राहिली. खरं काय ते तिनं सहादेवला सांगितलं आणि त्याला पटलंही. पण आळीनं ऐकलं ते ऐकलं. भावजय पाण्याला निघाली की बाया विचारायच्या, गाणारी अजून हाय का? एके दिवशी तीच भावजय म्हणाली, "ताई, आता घरी जावा. हितं लोक येत न्हाईत भेटाया." सहादेवनं एसटीत बसवून दिलं. भिंगारच्या घराचा त्यानं मात्र पुन्हा कधी नंबर लावला नाही, ना बहिणीसाठी, ना कुणासाठी.

ज्योती आली, ट्रे पुढं ओढला आणि कामाला बसली. फक्त एक गोष्ट तिनं सांगितली. "मला वरीसभर गानं न्हाई. आई गेलीय माजी. ओव्या तुमी म्हना, आत्या. मी रंग दीन."

त्यात बोलायला जागा नव्हती. वर्षभर गाऊ नये हे आक्काबाईनंच तिला सांगितलं असतं. मग आक्काबाई म्हणू लागली. आवाज फुटका, श्वास अपुरा. पण मोजणी बरोबर होती आणि घुमट फिरत होते. मेणानं माखलेले हात मांडीवर ठेवून ती सकाळपासून दुपारपर्यंत म्हणत राहायची. ज्योती मधे एक शब्द बोलायची नाही. जात्यावर दुसरी बाई असावी आणि तिनं खुंट्याला हातच लावू नये, तसं.

चैत्र आला. कौलावरचा ठिपका तिसऱ्या ओवीला वाळू लागला. रुपालीला नववा लागला होता. त्या सकाळी जावयाचा फोन येऊन गेला की पोट दुखतंय, दवाखान्यात नेतोय, कळवतो. आक्काबाई मोबाईल कमरेला खोचूनच पडवीत आली. अठरा रणगाडे, सहा-सहाचे तीन ट्रे मांडलेले होते.

"मोबाईल द्या," ज्योती म्हणाली. हात पुढं केलेला होता. तळहातावर हिरवा डाग.

"आजच्या दिस ऱ्हाऊ दे. रुपालीचा—"

"ओवी तुटती, आत्या."

आक्काबाईनं अंगणात बघितलं. रविराज पाटाला रंधा मारत होता. त्यानं मान वर केली नाही. "तुजाच कायदा हाय, आई," तो म्हणाला.

तिनं मोबाईल दिला. ज्योतीनं तो पितळी डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा आपल्या मांडीशी घेतला. मग पहिल्या रणगाड्यावर ब्रश टेकवला.

लेक दिली बेलापुरी
परवरंच्या त्या काठी
जीव माझा गुतला गं
तिच्या पदराच्या गाठी

पहिली. आक्काबाईची नजर डब्यावर होती. दुसरी ओवी ती म्हणत होती, कुठली ते तिलाही कळलं नाही, आणि मधेच डबा घुमला. पितळेत मोबाईल वाजतो तेव्हा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा येतो. ज्योतीनं ब्रश बाजूला ठेवला. सावकाश झाकण काढलं, मोबाईल कानाला लावला, दोन क्षण ऐकलं. "व्हय," म्हणाली. आणखी जरा ऐकलं. "सांगते," म्हणाली, आणि मोबाईल परत डब्यात ठेवून झाकण दाबून बसवलं.

"कुनाचा?" आक्काबाईनं विचारलं.

ज्योतीनं ब्रश उचलला. टोक नीट केलं. घुमटाच्या कडेनं हिरवी रेघ फिरवत, मान न वळवता ती म्हणाली, "सहादेव दादाचा. समदं बरं हाय म्हनला."

 सहादेव या घरात फोन करत नाही हे आक्काबाईला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे ज्योतीलाही. उठून डबा घ्यावा असं तिच्या गुडघ्यांत आलं. ज्योतीचा डावा हात झाकणावर पालथा होता, रंगानं ओला.

"ज्योती," ती म्हणाली. "पोरी."

"म्हना तुमी, आत्या," ज्योती म्हणाली. "तिसरी ऱ्हायलीय. सहा घुमट हायेत."

अंगणात रंधा थांबला होता. आक्काबाईनं तोंड उघडलं. ओवी आली. लेकीचीच आली. ज्योतीनं ती पुरी होऊ दिली, आणि मग एकेक करून सहा घुमट बोटानं फिरवून बघितले.